गृहरक्षणाचे शस्त्र : निवड, सिद्धता आणि संयम

(खंडेनवमीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आश्विन शुद्ध नवमीला महाराष्ट्रात खंडेनवमी म्हणतात. ज्यांच्या देवघराशेजारी पिढीजात तलवार आहे ते ती म्यानातून काढतात, शेतकरी कोयता आणि नांगराचा फाळ पुढे मांडतो, सुतार आपला रंधा आणि पटाशी पुसून ठेवतो. हळदकुंकू वाहण्याआधी गंज काढावा लागतो, मूठ सैल झाली असेल तर ठोकून बसवावी लागते, धार पाहावी लागते. पूर्वजांनी या पूजेत वर्षातून एकदा करावयाची तपासणीच गुंफून ठेवली. ज्या वस्तूची निगा राखता येत नाही तिची पूजाही करता येत नाही, हा त्यातील साधा व्यवहार आहे.

आजचा विषय त्याच व्यवहाराचा पुढचा भाग आहे. गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारे शेतकरी कुटुंब, मुले परदेशी गेल्यामुळे बंगल्यात एकटे उरलेले वृद्ध दांपत्य, रोज रोख रकमेची ने-आण करणारा व्यापारी, अशा अनेकांच्या मनात एक प्रश्न असतो. घराच्या रक्षणासाठी बंदूक किंवा पिस्तूल बाळगावे काय? बहुतेक जण आरंभच चुकीच्या टोकाकडून करतात. कोणते पिस्तूल चांगले, किंमत किती, परवाना कोण मिळवून देईल, हे त्यांचे पहिले प्रश्न असतात. योग्य क्रम असा : खरी गरज आहे काय, कायदा काय म्हणतो, कोणते शस्त्र त्या घराला साजेसे आहे, ते कसे ठेवावे, आणि ते कधी उचलावे. पाचव्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येत नाही त्याने पहिल्या प्रश्नापाशीच थांबणे शहाणपणाचे.

परवान्यामागील इतिहास

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्र कायदा झाला. त्या कायद्याने भारतीयाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनाला तीतून सूट दिली. १८५७ चा धक्का इंग्रज विसरले नव्हते. या भेदभावाविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच ठराव केला होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि तो १९६२ पासून अमलात आला. वंशावरून होणारा भेद गेला, परंतु परवान्याची अट राहिली आणि ती योग्यच होती. परकी राजवटीने प्रजेला भिऊन घातलेले बंधन आणि स्वतंत्र समाजाने स्वतःच्या हितासाठी स्वीकारलेली शिस्त, यांत फरक आहे.

कर्नाटकातील कोडगू जिल्ह्याचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तेथील कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली ही सवलत केंद्र सरकारने २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कोडवांच्या घरी जन्म आणि मृत्यू या दोन्ही प्रसंगी बंदुकीचा बार काढण्याची प्रथा आहे. कैलपोळ्द या सणाला घरातील शस्त्रे फुलांनी सजवून पूजली जातात. तेथे शस्त्र विधीच्या, वडीलधाऱ्यांच्या आणि समाजाच्या नजरेखाली असते. ही नजर जेथे नाही तेथे केवळ सूट मागणे धोक्याचे ठरेल.

आधी गरज, मग अर्ज

संविधानातील मूलभूत अधिकारांत शस्त्र बाळगण्याच्या अधिकाराचा समावेश नाही. परवाना ही राज्याने पारखून दिलेली परवानगी आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे आयुक्तांकडे करावा लागतो. पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे. गुन्ह्यातील शिक्षा, चांगल्या वर्तणुकीसाठी घेतलेला जामीन, मानसिक अस्वास्थ्य या गोष्टी आड येतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. अर्ज नाकारला गेल्यास अपिलाची तरतूद आहे. 'ओळखीने' किंवा 'बाहेरून' मिळणाऱ्या गावठी कट्ट्याकडे मात्र चुकूनही वळू नये. तो कायद्याने गंभीर गुन्हा आहेच. शिवाय अशा कट्ट्याची नळी झाडणाऱ्याच्याच हातात फुटू शकते.

जुन्या वाड्यांतून आणखी एक अडचण आढळते. आजोबांच्या नावावरची बंदूक माळ्यावर गुंडाळून ठेवलेली असते. परवानाधारक निवर्तला की परवाना वारसाकडे आपोआप येत नाही. अशी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतंत्र अर्ज करावा लागतो. 'ती तर शोभेची आहे' हा बचाव न्यायालयात टिकत नाही.

परंतु कागदपत्रांच्या आधी कुटुंबाने स्वतःला काही प्रश्न विचारले पाहिजेत. घरात कोणी मद्य घेते काय? भावाभावांत वाटणीचा तंटा धुमसत आहे काय? परीक्षेच्या अपयशाने, कर्जाने वा दीर्घ आजाराने खचलेली व्यक्ती घरात आहे काय? लहान मुले आहेत काय? यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर 'होय' असेल तर त्या घरात बंदूक येऊ नये. चोर वर्षांनुवर्षे येणारही नाही; संताप आणि नैराश्य मात्र कुलूप न तोडता घरात वावरत असतात.

२२ एप्रिल २००६ ची सकाळ महाराष्ट्र विसरलेला नाही. वरळीच्या निवासस्थानी प्रमोद महाजन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ३ मे रोजी त्यांचे निधन झाले. गोळ्या झाडणारा सख्खा धाकटा भाऊ होता आणि पिस्तूल परवान्याचे होते. राज्यातील एका कर्तबगार नेत्याचा अंत कोणा दरोडेखोराच्या हातून झाला नाही. गृहरक्षणाच्या शस्त्राचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने या घटनेपुढे क्षणभर थांबावे.

कोणते शस्त्र, कोणत्या घराला

भारतीय कायद्यात शस्त्रांचे 'प्रतिबंधित बोअर' आणि 'अप्रतिबंधित बोअर' असे दोन वर्ग आहेत. सैन्य-पोलिसांची ९ मि.मी. पिस्तुले किंवा .३०३ रायफल पहिल्या वर्गात मोडतात. त्यांचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत असून सामान्य नागरिकाला तो सहसा मिळत नाही. नागरिकापुढे प्रामुख्याने तीन पर्याय राहतात : १२ बोअरची बंदूक, .३२ चे रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल आणि .३१५ ची रायफल.

'१२ बोअर' या शब्दाविषयी गैरसमज फार. हा आकडा नळीच्या व्यासाचा नाही. एक पौंड शिशाचे सारखे १२ गोळे केले तर त्यातील एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती १२ बोअर. हा व्यास सुमारे १८.५ मि.मी. भरतो. वस्तीवरच्या घरासाठी दुनळी १२ बोअर ही सर्वांत साधी आणि विश्वासाची. ती मधून मोडली की दोन्ही नळ्यांत काडतूस आहे की नाही हे नजरेला तत्काळ दिसते. तिच्यात बिघडण्यासारखे भाग कमी. ती खिशात मावत नाही, म्हणून रागाच्या भरात घराबाहेर नेली जाण्याची शक्यताही कमी. मात्र 'छर्ऱ्याच्या बंदुकीला नेम लागत नाही, नुसती दिशा पुरे' ही समजूत खोटी आहे. खोलीतल्या चार-पाच मीटर अंतरावर छर्रे जेमतेम तळहाताएवढ्या जागेत पसरतात. नेम तेथेही लागतोच, आणि चुकलेल्या नेमाची जबाबदारीही.

.३२ चे रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनते. जानेवारी २०१४ मध्ये तेथूनच 'निर्भीक' नावाचे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे, महिलांना वापरण्यास सुलभ म्हणून रिव्हॉल्व्हर बाजारात आले. त्याची किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होती. हलके शस्त्र बाळगायला सोपे, परंतु झाडताना त्याचा झटका हाताला अधिक जाणवतो. म्हणून ते हाताळून, नेमबाजीच्या मैदानावर झाडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतील फरकही समजून घेतला पाहिजे. रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र बाहेर काढले की सहाही कप्पे दिसतात. पिस्तुलात काडतुसांची पेटी मुठीत असते. ती काढली की पिस्तूल रिकामे झाले असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात एक काडतूस नळीच्या तोंडाशी चढलेले राहू शकते. 'रिकाम्या' पिस्तुलातून सुटलेल्या गोळीच्या बहुतेक कहाण्यांचा उगम येथे आहे. ज्याला नियमित सराव शक्य नाही त्याने पिस्तुलाच्या वाटेला जाऊ नये.

.३१५ ची रायफल घरासाठी नव्हे. तिची गोळी मैलभर जाऊ शकते. दार, लाकडी फळी किंवा पत्र्याची भिंत तिला अडवू शकत नाही. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे पाळण्यातले मूल असते. शहरातील सदनिकेत राहणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांना तर यांपैकी कशाचीच गरज नाही. भक्कम दुहेरी दार, नजरछिद्र, साखळी, जिन्यावरचा दिवा, शेजाऱ्यांशी घरोबा आणि ११२ या क्रमांकाची सवय, एवढ्याने त्यांचे बरेचसे रक्षण होते. वस्तीवरही आधी कुंपण, दिवे, राखणीचा कुत्रा आणि ग्रामसुरक्षा दल. बंदूक सर्वांत शेवटी.

सिद्धता म्हणजे काय

शस्त्र विकत घेणे आणि सिद्ध असणे यांत सरावाचे अंतर असते. सिद्धतेची पहिली पायरी चार नियमांची. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे, ते रिकामे असल्याचे दुसऱ्याने सांगितले तरी स्वतः उघडून पाहावे. जे नष्ट करायचे नाही त्याच्याकडे नळी रोखू नये, थट्टेनेही नाही. नेम धरून झाडण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. लक्ष्य कोण आहे आणि त्याच्या मागे कोण आहे, हे ओळखल्याशिवाय झाडू नये. हे नियम पाठ असून भागत नाही. हातात मुरावे लागतात.

दुसरी पायरी निगराणीची. कोकण-मावळातील पावसाळ्यात दोन महिने न पाहिलेल्या नळीला आतून गंज धरतो. पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यानंतर आणि प्रत्येक वापरानंतर शस्त्र रिकामे करून नळी गजाने व कापडाने पुसावी, बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. तेल अति झाले तर धूळ चिकटते आणि चाप जड होतो. काडतुसे कोरड्या, थंड जागी ठेवावीत. फुगलेली, हिरवट डाग पडलेली वा चेपलेली काडतुसे वापरू नयेत, ती विक्रेत्याला दाखवावीत. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी.

तिसरी पायरी सरावाची. परवानगी असलेल्या नेमबाजी मैदानावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव व्हावा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणले. महाराष्ट्राला नेमबाजीची परंपरा आहे. या खेळातील तरुण पहिले काही दिवस केवळ उभे राहणे, श्वास आणि बोट यांचाच अभ्यास करतात. गोळी नंतर येते. तरुण मुलांना शस्त्राचे आकर्षण असेल तर त्यांना चित्रपटातल्या नायकाऐवजी या मैदानाचा रस्ता दाखवावा. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे ही मर्दुमकी नव्हे; २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेदरकार गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वर गेलेली गोळी कोठेतरी खाली येतेच.

कुलूप आणि किल्ली

विराटपर्वात पांडव अज्ञातवासात जाण्यापूर्वी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवतात. नीट गुंडाळून, पावसाचे पाणी लागणार नाही अशा ठिकाणी बांधून, आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून त्या झाडाला एक प्रेत बांधून ठेवतात. प्रसंग आला तेव्हा ती शस्त्रे नेमक्या जागी, वापरण्याजोग्या अवस्थेत सापडतात. शस्त्र परक्याच्या हाती लागू नये आणि धन्याला वेळेवर मिळावे, या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ त्यात आहे.

आजच्या घरात तो मेळ असा बसतो. शस्त्र रिकामे करून भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी कपाटात. काडतुसे वेगळ्या कुलपात. किल्ली परवानाधारकाजवळ, देवघरातल्या डबीत नव्हे. उशीखाली, गादीखाली, कपड्यांच्या घडीत शस्त्र ठेवणे म्हणजे ते मुलांच्या आणि चोरांच्या स्वाधीन करणे. मुलांपासून ते लपवण्यापेक्षा त्यांना समज द्यावी : हात लावायचा नाही, दिसले तर मोठ्या माणसाला सांगायचे.

प्रौढ आणि अनुभवी माणसाकडूनही क्षणाची चूक होते. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. प्रवासाला निघण्यापूर्वी शस्त्र ठेवताना ते हातातून निसटले, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले. सुदैवाने ते बचावले. ज्या घरातून निघायचे आहे तेथले शस्त्र आदल्या दिवशीच रिकामे करून कुलपात गेलेले असावे, हा त्यातील धडा.

रात्रीचा तो क्षण

अपरात्री मागच्या दारी आवाज होतो. अशा वेळी बंदूक घेऊन अंधारात शोध घेत फिरणे ही सर्वांत मोठी चूक. घरातील माणसे एका खोलीत आणावीत, दार लावावे, ११२ ला कळवावे, दिवे लावावेत, मोठ्याने ओरडून शेजाऱ्यांना उठवावे आणि येणाऱ्याला इशारा द्यावा. उशिरा परतलेला मुलगा, झोपेत चालणारे आजोबा, पाण्यासाठी उठलेली सून यांपैकी कोणी अंधारात उभे असू शकते. ओळख पटल्याशिवाय चाप ओढणारा घराचा रक्षक राहत नाही. म्हणून चांगली विजेरी ही बंदुकीइतकीच महत्त्वाची.

कायदा अशा गृहस्थाच्या पाठीशी आहे, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुन्या संहितेतील ९६ ते १०६ या कलमांतील खाजगी संरक्षणाचा अधिकार नव्या संहितेत ३४ ते ४४ या कलमांत आहे. प्राण जाण्याची किंवा जबर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची वाजवी भीती असेल तर कलम ३८ नुसार हल्लेखोराचा मृत्यू घडला तरी तो गुन्हा ठरत नाही. कलम ४१ नुसार जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, अशा प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणासाठीही हा अधिकार त्या टोकापर्यंत जातो. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराची तत्त्वे सविस्तर मांडली. जीव धोक्यात असलेल्या माणसाने आपला प्रतिकार तागडीत तोलून करावा अशी अपेक्षा कायदा करत नाही.

परंतु याच अधिकाराला कलम ३७ ची चौकट आहे. पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तर हा अधिकार नाही. आणि रक्षणासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करण्याचा अधिकार कधीच नाही. कुंपण ओलांडून पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी संरक्षण ठरत नाही, ती शिक्षा ठरते, आणि शिक्षा देण्याचे काम न्यायालयाचे. प्रसंग घडल्यास जागेवरच्या वस्तू हलवू नयेत, जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, पोलिसांना तत्काळ कळवावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. बचाव सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर असते. मात्र फिर्यादी पक्षाइतका निःसंशय पुरावा त्याच्याकडून अपेक्षित नसतो, संभाव्यतेचे पारडे त्याच्या बाजूला झुकले तरी पुरते.

शस्त्रामागचे मन

२७ सप्टेंबर २००९ च्या रात्री जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातील कलसी गावात दहशतवादी एका घरात घुसले आणि घरच्यांना मारहाण करू लागले. घरची तरुण मुलगी रुखसाना कौसर हिच्या हाती बंदूक नव्हती. तिने कुऱ्हाड उचलली, दहशतवाद्यांच्या म्होरक्यावर वार केला, त्याचीच रायफल हिसकावली आणि त्याला ठार केले. भावाने तिला साथ दिली. राष्ट्राने तिला कीर्तिचक्र देऊन गौरविले. त्या घरात परवाना नव्हता, लोखंडी कपाट नव्हते. होते ते आईवडिलांना वाचवण्याचे बळ. हे बळ कोणत्याही दुकानात मिळत नाही.

त्या बळाची दुसरी बाजू महाभारतात अश्वत्थाम्याच्या कथेत दिसते. ब्रह्मास्त्र सोडणे अर्जुनाला येत होते आणि अश्वत्थाम्यालाही. ते आवरून घेणे मात्र अर्जुनालाच साधले. अश्वत्थाम्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडले. ज्याला आवरता येत नाही त्याच्या शस्त्राची झळ शेवटी अजाण जीवालाच लागते.

तेव्हा घरात शस्त्र आणण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांनी आधी सहा महिने नेमबाजीच्या मैदानावर जावे, घरातील सर्व प्रौढांशी मोकळेपणी बोलावे आणि घरातील एकाचा जरी मनापासून विरोध असेल तर तो विचार सोडून द्यावा. ज्यांच्याजवळ परवाना आहे त्यांनी आज घरी गेल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात : परवान्याची मुदत, कपाटाचे कुलूप आणि नळीतील गंज. आणि ज्यांना शस्त्राची गरज नाही त्यांनी मागच्या दाराची कडी आणि शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक तपासावा. रात्री निर्धास्त झोप लागण्यासाठी बहुतेक घरांना तेवढेच पुरे असते.